मत ‘फुकट’ जातं म्हणजे नक्की काय होतं? (अमेरिकेतले तिसरे उमेदवार)

सरोवरकाठी (धागाकर्ता)

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. मिशिगनमध्ये टपालाने मतपत्रिका मागवता येते, तशी आम्ही तिघांनी मागवली होती. मी, बायको आणि मुलगा. त्याला नुकतीच अठरा पूर्ण झालेली, पहिलंच मतदान. जेवणं झाल्यावर टेबल पुसून घेतलं, पाकिटं फोडली, काळी पेनं घेतली आणि बसलो. इथे नावापुढचा लंबगोल रंगवायचा असतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा.

राष्ट्राध्यक्षपदाच्या रकान्यात आठ नावं होती. हॅरिस, ट्रम्प आणि आणखी सहा. त्यात रॉबर्ट केनेडी ज्युनियरही होते. ते २३ ऑगस्टलाच प्रचार थांबवून ट्रम्प यांच्या मागे उभे राहिले होते, नाव काढा म्हणून कोर्टातही गेले होते, पण आमच्या राज्यात त्यांचं नाव राहिलं ते राहिलंच. शेवटी त्यांना इथे २६ हजारांवर मतं पडली.

मुलाचं पेन ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांच्या ओळीवर थांबलं. मला राहवलं नाही. म्हटलं, “२०१६ ला आपल्या राज्याचा निकाल १०,७०४ मतांनी लागला. स्टाइनबाईंना ५१,४६३ मतं होती. विचार करून रंगव.”

तो म्हणाला, “बाबा, ती एक्कावन्न हजार माणसं आधी कुणाची होती?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. २०१६ ची तीन राज्यं सगळ्यांना पाठ आहेत: मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया. तिन्हीकडे स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त होती आणि तिन्ही मिळून ४६ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ज्यांवर ठरतो ती, राज्यवार वाटलेली मतं). म्हणून ‘स्टाइनने हिलरींना पाडलं’ असं म्हणतात. पण त्याच मिशिगनमध्ये लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांना १ लाख ७२ हजार मतं होती, स्टाइन यांच्या तिपटीहून जास्त. त्यांचा हिशोब कुणी मांडत नाही, कारण ती मतं कुठे वळली असती ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता २०२० बघा. जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले, लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सन यांना तिथे ६२ हजारांवर मतं. अॅरिझोनात फरक १०,४५७ चा, जॉर्गेन्सन यांना ५१ हजारांवर. विस्कॉन्सिनातही तेच चित्र. त्या वर्षी ‘जॉर्गेन्सनबाईंनी ट्रम्पना पाडलं’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंत? मी जवळपास नाहीच.

मतं ‘खाल्ली’ असं म्हणताना आपण धरून चालतो की ती आधीच कुणाच्या तरी पानात वाढलेली होती. मुलाचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवतो. आणि तरी त्या रात्री मी त्याला जे बोललो ते चूक होतं असंही मला वाटत नाही, कारण ही निवडणूक ज्या पद्धतीने मोजली जाते ती पद्धत तशीच आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या? इथे बरीच मंडळी अमेरिकेत वर्षानुवर्षं आहेत. तुमचे अनुभव लिहा. कुणाला मत दिलंत ते सांगायची गरज नाही.

—

टॅम्पाची_मीरा

चांगला धागा. मी २००० साली फ्लोरिडात विद्यार्थिनी होते. मत नव्हतं, पण निकालाच्या वादाचे ते ३६ दिवस डोळ्यांसमोर आहेत. युनिव्हर्सिटीच्या मेसमधला टीव्ही कुणी बंदच करत नव्हतं. मतपत्रिकेचा कागद दिव्यासमोर धरून भोक पूर्ण पडलंय की नुसता खळगा आहे ते बघणारे अधिकारी दिवसभर दिसायचे.

बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले. ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मतं. हा आकडा इथल्या डेमोक्रॅट लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्या तेव्हाच्या घरमालकीणबाई नेडरना मत देऊन आल्या होत्या आणि पुढे कित्येक वर्षं तो विषय निघाला की उठून आत जायच्या.

पण एक लक्षात घ्या. नेडर नसते तर त्यांच्या मतदारांतल्या बऱ्याच जणांनी मतदानच केलं नसतं, काहींनी बुशना दिलं असतं, असं तेव्हाच्या मतदानोत्तर चाचण्यांतही दिसलं होतं. अर्थात ५३७ चा फरक इतका बारीक आहे की उरलेल्यांतला थोडासा कल गोर यांच्याकडे असता तरी पुरे होता. म्हणून २००० च्या बाबतीत ‘नेडरमुळे निकाल फिरला’ हे मला पटतं. २०१६ बद्दल मी तसं म्हणणार नाही.

आणि फ्लोरिडातला दुसरा तिसरा उमेदवार लोक विसरतात: पॅट ब्युकॅनन. पाम बीच काउंटीची मतपत्रिका दोन पानी होती, नावं डावीउजवीकडे आणि भोकं मधल्या पट्टीत. गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण भोक तिसरं. दुसरं भोक ब्युकॅनन यांचं. त्या एका काउंटीत त्यांना ३,४०० च्या आसपास मतं पडली. ही बहुतेक माझी नसावीत, असं स्वतः ब्युकॅनन यांनी टीव्हीवर सांगितलं. ५३७ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. ज्याला तिसऱ्याला मत द्यायचंच नव्हतं त्याचं मत तिसऱ्याला गेलं, आणि तेही निकाल फिरवण्याइतकं.

—

औंधकर_अण्णा

मी अमेरिकेत राहत नाही, मुलीकडे येऊन-जाऊन असतो. एक सरळ प्रश्न. आपल्याकडे मतविभाजनाची चर्चा दर निवडणुकीला होते. २०१९ ला औरंगाबादेत अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांवर मतं घेतली आणि चंद्रकांत खैरे साडेचार हजारांच्या आत पडले, इम्तियाज जलील निवडून आले. पण आपल्याकडे तिसरा, चौथा पक्ष टिकतो, वाढतो, कधी सत्तेतही बसतो. अमेरिकेत दीडशे वर्षं तेच दोन पक्ष. मतमोजणी तर दोन्हीकडे सारखीच, ज्याला जास्त तो जिंकला. मग असं का?

—

जुनी_पानं

अण्णा, फरक भूगोलाचा आणि पदाचा आहे. आपल्याकडे एखाद्या पक्षाचा जोर चार जिल्ह्यांत असला तरी त्याचे आमदार-खासदार निवडून येतात आणि सरकार बनताना त्यांना किंमत येते. इथे राष्ट्राध्यक्षपद एकच, ते वाटून घेता येत नाही. त्यातून ५३८ इलेक्टोरल मतं राज्यवार वाटलेली, मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात पहिला आलेल्याला त्या राज्याची सगळी मतं. दुसऱ्या नंबरलाही शून्य. तिसऱ्याचं तर बोलूच नका.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९४८ चं आहे, आणि ते मला सगळ्यांना दाखवावंसं वाटतं. त्या वर्षी दोन तिसरे उमेदवार होते. स्ट्रॉम थर्मंड, दक्षिणेतले, काळ्या लोकांना समान हक्क देण्याच्या विरोधात उभे राहिलेले. आणि हेन्री वॉलेस, माजी उपराष्ट्राध्यक्ष, डाव्या विचारांचे. दोघांनाही देशभरात साडेअकरा लाखांच्या वर मतं, दोघांचाही वाटा २.४ टक्के. थर्मंड यांना इलेक्टोरल मतं ३९. वॉलेस यांना शून्य. थर्मंड यांची मतं दक्षिणेतल्या मोजक्या राज्यांत एकवटली होती, वॉलेस यांची न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशी विखुरलेली.

म्हणजे ही पद्धत तिसऱ्या उमेदवाराला सरसकट मारत नाही. ज्याचा विचार देशभर थोडा थोडा पसरलाय त्याला ती मारते आणि ज्याचा राग एका प्रदेशात साचलाय त्याला हात देते. १९६८ ला जॉर्ज वॉलेस (हे वेगळे वॉलेस, अलाबामाचे, वर्णभेदाचे उघड समर्थक) १३.५ टक्के मतांवर पाच राज्यं जिंकले, इलेक्टोरल मतं ४६. त्यांचा बेत असा की कुणालाच बहुमत मिळू द्यायचं नाही आणि मग सौदा करायचा. निक्सन यांना ३०१ मिळाली म्हणून तो फसला.

आणि १९९२ ला अपक्ष रॉस पेरो यांना १८.९ टक्के, १ कोटी ९७ लाख मतं. इलेक्टोरल मत एकही नाही. मेनमध्ये आणि युटामध्ये ते चक्क दुसरे आले होते. शून्य म्हणजे शून्य.

मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. अमेरिकेच्या इतिहासात तिसऱ्या पक्षाला राज्यं मिळाली ती बऱ्याचदा सगळ्यात संकुचित विचाराला.

—

डॅलसवासी

पेरोंचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी १९९१ ला डॅलसला आलो, ते त्यांचंच गाव. १९९२ च्या शरद ऋतूत त्यांनी टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेतल्या होत्या. ना संगीत, ना झेंडे. टेबलामागे बसलेला बुटका माणूस, हातात दर्शक काठी, आणि एकामागून एक पुठ्ठ्यावरचे तक्ते: सरकारवर कर्ज किती, व्याज किती, तूट कशी वाढते. आमच्या अपार्टमेंटमधला मेकॅनिक शेजारी, मी आणि माझा रूममेट, तिघंही तो कार्यक्रम बघायचो. अर्थसंकल्पातली तूट म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नव्हतं ते त्या तक्त्यांवरून कळलं.

जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत ते ३९ टक्क्यांवर, बुश आणि क्लिंटन दोघांच्याही पुढे. जुलैत अचानक माघार. १ ऑक्टोबरला पुन्हा रिंगणात. ही माघार नसती तर काय झालं असतं हे आमच्या शेजाऱ्याने मला पुढची दोन वर्षं ऐकवलं. तरी तिन्ही वादसभांत त्यांना उभं केलं होतं आणि मेक्सिकोशी मुक्त व्यापार केलात तर नोकऱ्या दक्षिणेकडे शोषून घेतल्याचा प्रचंड आवाज ऐकू येईल, हे त्यांचं वाक्य तिथलंच.

पेरोंनी थोरल्या बुशना पाडलं असं रिपब्लिकन मित्र अजून म्हणतात. मतदानोत्तर चाचण्यांत मात्र त्यांचे मतदार पेरो नसते तर क्लिंटन आणि बुश यांच्यात साधारण निम्मे-निम्मे वाटले गेले असते असं निघालं. म्हणजे निकाल तोच राहिला असता. बदललं काय? तुटीचा विषय कुणाला टाळता येईना. १९९८ ला सरकारी अर्थसंकल्प शिलकीत गेला. सगळं श्रेय पेरोंचं असं मी म्हणत नाही, पण त्या दोन कोटी मतदारांना आपल्याकडे ओढायला दोन्ही पक्ष धडपडत होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मतांना फुकट गेली म्हणणं मला जमत नाही.

—

जुनी_पानं

डॅलसवासी, अगदी. याच्या आधीचं उदाहरण १८९२ चं. पॉप्युलिस्ट पक्ष, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा. जेम्स वीव्हर यांना ८.५ टक्के मतं आणि २२ इलेक्टोरल मतं. त्यांच्या मागण्यांत चढत्या दराने आयकर होता, सिनेटर थेट लोकांनी निवडावेत हेही होतं. तेव्हा ही माथेफिरूंची यादी समजली गेली. १९१३ ला या दोन्ही गोष्टींसाठी घटनादुरुस्ती झाली. पक्ष तोवर संपलेला होता.

—

शार्लटची_पूर्वा

सगळं वाचलं. आता मी जे लिहिणार आहे ते थोडं कडू लागेल.

२०१६ ला आम्ही मिलवॉकीत होतो. नवरा एच-१ वर (नोकरीचा व्हिसा), मी एच-४ वर (त्याच्या जोडीदाराचा). २०१५ ला नियम बदलला आणि माझ्यासारख्या बायकांना काम करायचा परवाना मिळू लागला. सहा वर्षं घरी बसल्यावर मी पुन्हा नोकरी धरली होती. पहिल्या पगाराच्या दिवशी नवऱ्याने आणि मी श्रीखंड केलं होतं, चक्का बांधून, रात्रभर टांगून.

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक सहकारी मैत्रीण म्हणाली, “मी स्टाइनना दिलं. दोघंही नको होते, मनाला बरं वाटलं.” चांगली मुलगी होती, अजून संपर्कात आहे. विस्कॉन्सिनचा निकाल २२,७४८ मतांनी लागला, स्टाइन यांना ३१,०७२. त्यानंतर एच-४ वाल्यांचा परवाना काढून घेण्याचा प्रस्ताव आला आणि तो चार वर्षं डोक्यावर टांगून होता. शेवटी झाला नाही. पण त्या चार वर्षांत आम्ही घर घेतलं नाही, मी बढती नाकारली, कारण सहा महिन्यांनी काम करता येईल की नाही हेच माहीत नव्हतं.

सरोवरकाठी, तुमच्या मुलाचा प्रश्न हुशार आहे. मत कुणाच्या बापाचं नाही, मान्य. पण मत देणाऱ्याच्या घरापलीकडेही त्याचा परिणाम जातो, आणि ज्यांच्यापर्यंत जातो त्यांतल्या लाखो लोकांना मतच नाही. कायदेशीर राहणारे, कर भरणारे, आणि मत नसलेले. मनाला बरं वाटावं म्हणून मत देणं मला परवडणारी गोष्ट वाटत नाही, कारण तेव्हा माझं काय होणार ते तिच्या हातात होतं.

—

सरोवरकाठी (धागाकर्ता)

पूर्वाताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. माझ्याकडे लगेच उत्तर नाही. बायकोला वाचून दाखवलं, तीही २००४ ते २००९ एच-४ वर होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

—

एडिसनकर_अनुजा

मी न्यू जर्सीत. आमच्याकडे सरळ हिशोब असायचा: हे ‘सुरक्षित’ राज्य, इथे डेमोक्रॅटच येणार, मग मनासारखं मत द्यायला हरकत काय? २०१६ ला मी तिसऱ्याला दिलं, आणि पूर्वा, त्यात मला अपराधी वाटलं नाही, कारण इथे फरक चौदा टक्क्यांचा होता.

२००० ला तर लोकांनी यावर तोडगा काढला होता. सुरक्षित राज्यातला गोर-समर्थक नेडरना मत देणार आणि बदल्यात चुरशीच्या राज्यातला नेडर-समर्थक गोरना देणार. इंटरनेटवर जोड्या जुळवणाऱ्या साइट निघाल्या. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी धमकावल्यावर काही बंद झाल्या. २००७ ला अपील कोर्टाने निकाल दिला की अशी अदलाबदल म्हणजे मतविक्री नव्हे, तो बोलण्याचा हक्क आहे. पण तोवर सात वर्षं गेली होती.

आता अडचण अशी की ‘सुरक्षित’ हा शब्दच विश्वासाचा राहिलेला नाही. २०२४ ला न्यू जर्सीत हॅरिस फक्त सहाएक टक्क्यांनी पुढे होत्या. आमच्या गल्लीत कुणी असं होईल म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

—

ऑस्टिनकर_सचिन

सगळे मतदानाच्या दिवसाबद्दल बोलतायत. तिसरा उमेदवार त्याच्या कितीतरी आधी मरतो. मतपत्रिकेवर नाव यायलाच प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, पन्नास राज्यांचे पन्नास.

मी २०२४ ला टेक्सासमध्ये एका अपक्षासाठी सह्या गोळा करायला काही शनिवार गेलो होतो (कोण ते महत्त्वाचं नाही, मी त्यांना शेवटी मत दिलं नाही). अपक्षाला १,१३,१५१ वैध सह्या लागत होत्या. मुदत प्राथमिक निवडणुकीच्या (पक्ष आपला उमेदवार ठरवतात ती, मार्चमधली) दुसऱ्या दिवसापासून मेच्या मध्यापर्यंत. आणि खरी मेख ही: ज्याने त्या वर्षी कुठल्याही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिलंय त्याची सही चालत नाही. म्हणजे राजकारणात रस असलेला माणूस बहुतेक बाद.

वाचनालयाबाहेर झाडाच्या सावलीत उभे राहायचो. हातात पॅड, दोरीला बांधलेलं पेन. माणूस थांबला की आधी विचारायचं, मार्चमध्ये मत दिलं होतं का? दिलं असेल तर धन्यवाद म्हणून सोडून द्यायचं. नसेल तर नाव, पत्ता, काउंटी, जन्मतारीख, सही. एक आजोबा सगळं भरून झाल्यावर म्हणाले, “मार्चमध्ये दिलं होतं, पण फक्त शेरीफसाठी.” तीही प्राथमिकच. ओळ खोडली. पाच तासांत माझ्या पॅडवर चाळीसही सह्या झाल्या नव्हत्या. टेनेसीत त्याच कामाला २७५ सह्या पुरतात. देश एक, पद एक, आणि एका राज्यात लाखावर तर दुसऱ्यात पावणेतीनशे.

पुढे वादसभा. २००० पासून नियम असा की राष्ट्रीय चाचण्यांत १५ टक्के असतील तरच मंचावर जागा. २०२४ च्या जूनमधल्या वादसभेलाही तीच अट होती, केनेडी त्यात बसले नाहीत. टीव्हीवर दिसल्याशिवाय १५ टक्के येत नाहीत आणि १५ टक्क्यांशिवाय टीव्ही नाही.

गॅलपने २०२३ ला विचारलं तेव्हा ६३ टक्के लोक म्हणाले, तिसरा मोठा पक्ष हवा. पुढच्या वर्षी दोन पक्ष सोडून सगळ्यांना मिळून दोन टक्क्यांच्या आसपास मतं पडली. लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना हवं असतं, पण नोव्हेंबर आला की भीती वाटते.

—

टॅम्पाची_मीरा

सचिन, भीतीचा मुद्दा बरोबर. दर वेळी उन्हाळ्यात फुगा आणि नोव्हेंबरात सुई. अपक्ष जॉन अँडरसन १९८० च्या उन्हाळ्यात वीस टक्क्यांच्या वर होते, हाती आले ६.६. वॉलेस १९६८ च्या सप्टेंबरात वीसच्या आसपास, शेवटी १३.५. पेरो ३९ वरून १९.

—

पोर्टलंडचा_पराग

मेनमधून. आमच्याकडे पसंतीक्रमाचं मतदान आहे आणि तुमच्या धाग्यातल्या अर्ध्या दुखण्यावर ते औषध आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सुरुवात राष्ट्राध्यक्षपदावरून झाली नव्हती. २०१० ला इथे गव्हर्नरपदाला पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आत मतांवर जिंकले. अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांजवळ, डेमोक्रॅट उमेदवार १९. म्हणजे पाडापाडी करणारी तिसरी होती ती चक्क मोठ्या पक्षाची उमेदवार! लोक चिडले, आणि २०१६ च्या सार्वमतात पसंतीक्रम मंजूर झाला. २०१८ ला काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) जागेला पहिल्या फेरीत मागे असलेले जेरेड गोल्डन बाकीच्यांची दुसरी पसंती मोजल्यावर निवडून आले. २०२० पासून राष्ट्राध्यक्षपदालाही तीच पद्धत.

मतपत्रिका तक्त्यासारखी दिसते. उभ्या ओळीत नावं, आडव्या रकान्यात पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पहिल्यांदा मला दहा मिनिटं लागली, आता दोन. पहिली पसंती मनातल्याला, दुसरी त्याला ज्याच्याशिवाय निभाव नाही. पूर्वाताईंची मैत्रीण मेनमध्ये असती तर तिने स्टाइनना पहिली पसंती दिली असती आणि पूर्वाताईंसाठी दुसरी.

अलास्कातही ही पद्धत आहे. २०२४ ला तिथे ती रद्द करायचा प्रस्ताव हजाराच्याही आतल्या मतांनी पडला. त्याच दिवशी कोलोरॅडो, ओरेगन, नेवाडा, आयडाहो चारही ठिकाणी लोकांनी ती नाकारली. मला फार वाईट वाटलं, विशेषतः ओरेगनचं.

—

जुनी_पानं

पराग, राज्यापुरतं औषध आहे, मान्य. पण राज्यं मोजून झाल्यावर २७० चा उंबरठा (५३८ इलेक्टोरल मतांतलं बहुमत) उरतोच. उद्या सगळीकडे पसंतीक्रम आला आणि तीन बलवान उमेदवारांनी राज्यं वाटून घेतली, तर कुणालाच २७० मिळणार नाहीत आणि निवड प्रतिनिधीगृहाकडे जाईल. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. चार कोटींचं कॅलिफोर्निया आणि सहा लाखांचं वायोमिंग दोघांचं सारखंच. बाराव्या घटनादुरुस्तीनंतर हे एकदाच घडलंय. १८२४ ला जास्त मतं अँड्र्यू जॅक्सन यांची, राष्ट्राध्यक्ष झाले जॉन क्विन्सी अॅडम्स. म्हणून मला वाटतं राज्यांपासून सुरुवात ठीक, पण इलेक्टोरल कॉलेजला (या राज्यवार मतांच्या पद्धतीला) हात लावल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

—

एडिसनकर_अनुजा

नेवाडावरून आठवलं. तिथे मतपत्रिकेवर ‘यापैकी कोणीही नाही’ असा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे, आपल्या नोटाच्या किती तरी आधी. २०१६ ला हिलरी तिथे २७,२०२ मतांनी पुढे होत्या आणि ‘कोणीही नाही’ला २८,८६३. इथे मतं कुणी खाल्ली म्हणायचं?

—

कँटनचा_केदार

सरोवरकाठी, मी तुमच्या जवळचाच. माझं दुकान डिअरबॉर्नच्या हद्दीला लागून आहे, गिऱ्हाइकं बरीचशी अरब. २०२४ ला त्या गावात ट्रम्प ४२, हॅरिस ३६ आणि स्टाइन १८ टक्के. एका अख्ख्या शहरात अठरा!

माझ्याकडे रोज कॉफी न्यायला येणारे एक गृहस्थ, मूळचे दक्षिण लेबननचे, तीस वर्षं डेमोक्रॅट. निवडणुकीच्या आठवड्यात मी तुमच्यासारखंच बोललो, की तुमच्या मताने कोण येईल बघा. त्यांनी खिशातला फोन काढून भाचीच्या घराचा फोटो दाखवला. घर उरलं नव्हतं. म्हणाले, ज्या सरकारने बॉम्ब पाठवले त्याला मी मत कसं देऊ, आणि जो येतोय तो वेगळं काय करणार? मी कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आणखी काय करणार होतो.

आकडे बघितलेत तर राज्यात फरक ८० हजारांचा होता आणि स्टाइन यांची सगळी मतं ४४ हजारांच्या घरात. ती सगळीच्या सगळी हॅरिसना गेली असती तरी निकाल तोच. पण त्या माणसाला फरक किती ते आधी माहीत नव्हतं. त्याने ते मोजून दिलंच नव्हतं.

—

शार्लटची_पूर्वा

केदार, हे वाचून थांबले. त्यांना मी ‘मनाला बरं वाटावं म्हणून’ असं म्हणू शकत नाही. मैत्रिणीबद्दलचं माझं मत तेच आहे. या गृहस्थांबद्दल मला काही म्हणायचा अधिकार नाही.

—

औंधकर_अण्णा

माहितीपूर्ण धागा. मुलीला पाठवला. एक राहिलं: मुलाने शेवटी कुणाला दिलं?

—

सरोवरकाठी (धागाकर्ता)

अण्णा, त्याने कागद उचलला आणि आपल्या खोलीत गेला. वीस मिनिटांनी पाकीट चिकटवून, बाहेर सही करून आला. सकाळी तिघांनी जाऊन टाउनशिप ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकलं. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तो सध्या सुट्टीत घरी आहे. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो म्हणून काल रात्री बायकोने हा अख्खा धागा मोठ्याने वाचला. पूर्वाताईंचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, “आई, तू एच-४ वर होतीस तेव्हा तुझ्या वतीने कुणी विचार केला होता का?” बायको म्हणाली, शेजारच्या एका आजी करायच्या, मतदानाला जाण्याआधी दारात येऊन विचारायच्या की तुला काय वाटतं. हे मलाही माहीत नव्हतं.

पूर्वाताई, त्याने तुम्हाला विचारायला सांगितलंय: आता तुम्हाला मत आहे का?

—

शार्लटची_पूर्वा

अजून नाही. ग्रीन कार्ड २०२२ ला हातात आलं, नागरिकत्वाचा अर्ज २०२७ मध्ये करता येईल. २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत शपथ होईल का ते बघू. आम्ही आता नॉर्थ कॅरोलायनात आहोत, इथेही फरक थोडाच असतो. त्याला सांगा, २०२८ ला मतदानाला जाण्याआधी मला एक फोन कर. अट काही नाही, फक्त बोलू.